घरचं कनेक्शन

हनोईच्या हॉटेलात केतकीचा लॅपटॉप इचलकरंजीच्या घराशी जोडला जाईना. परक्या वाय-फायवर तिचा भरवसा नव्हता. म्हणून लग्नाआधीच तिने माहेरच्या राउटरवर व्हीपीएन बसवलं होतं आणि बाहेरदेशी असली की त्याच सुरक्षित वाटेने ती ऑफिसचं काम करायची. वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून अप्पांनी तिच्याशी अबोला धरला होता, पण राउटर कधी बंद केला नव्हता.

आज केला असेल? की एकट्या अप्पांना काही झालं? काम विसरून तिने शेजारच्या बेडगेकाकूंना फोन लावला.

"अगं, सकाळपासून वीज नाहीये. मी तुमच्याकडेच आहे," काकू म्हणाल्या. "तू परदेशी गेल्याचं मी सांगितलं होतं ना, तर अप्पा बाजारातून बॅटरी आणून त्या राउटरला जोडत बसलेत. म्हटलं, आधी पंख्याचं बघा. तर म्हणाले, पोरीचं काम अडेल."

तेवढ्यात फोनवर ओळखीचं खाकरणं ऐकू आलं.

"लागलं का गं?" अप्पांनी विचारलं.

लॅपटॉपकडे न बघताच ती म्हणाली, "हो अप्पा, लागलं."