मांडीवरचा वळ

रविवारच्या बॅडमिंटनमध्ये शॉट चुकला की मी रॅकेट स्वतःच्याच मांडीवर हाणतो आणि मोठ्याने स्वतःला गाढव म्हणतो. जोडीदार म्हणतो, "अहो, मजेसाठी खेळतोय ना आपण?" मजाच मारायची तर घरी लोळत पडलो नसतो?

परवा धाकटीच्या मांडीवर काळानिळा वळ दिसला आणि माझं टाळकंच सरकलं. ती काही सांगेना. तडक तिच्या बॅडमिंटनच्या कोचकडे गेलो आणि सगळ्यांदेखत त्याची कॉलर धरली.

"आठ वर्षांच्या पोरीवर हात उगारतोस? लाज नाही वाटत?"

त्याने शांतपणे कॉलर सोडवली.

"शॉट चुकला की स्वतःच हाणून घेते. अडवलं तर म्हणते, 'माझे बाबा असंच खेळतात.'"