झेंड्याची खोळ

सकाळीच मायदेशाहून मंत्र्यांचा फोन आला. "तिथल्या विरोधी पक्षनेत्याला तुरुंगात टाकलं, त्याबद्दल आपण चिंता व्यक्त केलीये. तेवढं पुरे. आज त्याच्या खटल्याला तुम्ही कोर्टात पाऊलही टाकायचं नाही."

"बरं," म्हणून राजदूतबाईंनी फोन ठेवला आणि ड्रायव्हरला हाक मारली. "काका, गाडी काढा आणि कोर्टाच्या फाटकासमोर नेऊन उभी करा. मी येत नाहीये."

काका घुटमळले. "पण मॅडम, तुम्ही गाडीत नसलात की झेंड्यावर खोळ चढवावी लागते. नियमच आहे तसा."

"खोळ धुवायला टाकलीये."

खोळ काकांच्या खिशातच होती. त्यांनी ती आणखी आत सरकवली.

कोर्टासमोर रिकाम्या गाडीवर झेंडा दिवसभर फडफडत राहिला. पोलीस डोळे वटारून गेले, काका काचा वर करून ढिम्म बसले. बेड्या घातलेला नेता पोलिसांच्या गाडीतून उतरला, त्याने झेंड्याकडे एकवार पाहिलं आणि तो मान ताठ करून आत गेला.

संध्याकाळी मंत्री फोनवर कडाडले. बाई म्हणाल्या, "मी तर दिवसभर ऑफिसातच होते, साहेब."

पुढच्या तारखेला काका पोचले, तर फाटकासमोर गाडी लावायला जागाच नाही. निरनिराळ्या देशांच्या रिकाम्या गाड्या ओळीने उभ्या, आणि झाडून सगळ्यांचे झेंडे उघडे.

काकांनी शेजारच्या ड्रायव्हरला विचारलं, "काय हो, तुमची खोळ कुठाय?"

तो फुगलेला खिसा थोपटत म्हणाला, "धुवायला टाकलीये."