अकरावीची सुट्टी

"ताई, आज तरी जाऊ दे गं. एक तास फक्त. तास सुटला की पळत येते."

दुपटी पिळता पिळता विजयमालेनं विचारलं. बाजेवर पडलेल्या शालननं मान वळवलीसुद्धा नाही.

"आन् पोराला कोण बघणार? माझी कंबर धरलीय." एवढं बोलून ती कुशीवर वळली.

बारामतीतल्या त्या घराच्या मागच्याच गल्लीत फिजिक्सचा क्लास चालायचा. सकाळी सायकली स्टँडवर लावल्याचा खडखडाट मोरीपर्यंत ऐकू यायचा. विजयमालेच्या वर्गातल्या दोघी त्या क्लासला होत्या. चौऱ्याण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात अकरावी सायन्स झालेल्या प्रत्येकाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. बारावी सुट्टीतच अर्धी उरकायची. जूनमध्ये पुस्तक उघडणारा मागं राहिलाच म्हणून समजा. विजयमालेला फार्मसीला जायचं होतं, आणि तिची सुट्टी दुपटी धुण्यात चालली होती.

एप्रिलमध्ये माहेरी, सणसरला, निरोप आला होता. शालनचं बाळंतपण सासरीच झालं होतं. कंबर धरलीय, उठवत नाही, विजूला धाडा. वडील, सर्जेराव, आधी कुरकुरले. मग "पंधरा दिवसांनी घिऊन येतो" म्हणत त्यांनी तिला येष्टीत बसवलं. पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचे दोन होत आले. बापाचे निरोप यायचे, शालन कंबर धरून कण्हायची, आणि विजयमालेचं जाणं लांबायचं.

घरात शालनची सासू प्रयागबाई. तिनं कुरडयांचे गहू भिजवले, चीक हाटला विजयमालेनं. गच्चीवर कुरडया वाळत पडल्या, तर कावळे हाकायलाही तीच. एकदा कावळे हाकताना तिनं मांडीवर पुस्तक उघडलं. प्रयागबाई जिन्यातूनच म्हणाली, "बहिणीच्या मदतीला आलीयास का वाचायला?" शालन खाली होती, तिनं ऐकलं. सासूपुढं ती एक शब्द बोलली नाही. त्या दिवसापासून विजयमालेला सासूपेक्षा बहिणीचाच जास्त राग यायला लागला. ही तीच ताई, जिनं तिला पाढे शिकवले होते. लग्न झालं की माणूस असंच होतं, असं तिला वाटून गेलं.

जून अर्धा सरला. प्रयागबाई भवानीनगरला एका लग्नाला गेलेली असताना सर्जेराव दारात उभे राहिले.

"विजूला न्यायला आलोय. घरी काम हाय."

विजयमालेचा जीव भांड्यात पडला. घरी गेलं की निदान गोठ्यात बसून वाचता येईल. तिनं घाईघाईनं पिशवी भरली, चपला घातल्या.

"कसलं काम, आप्पा?" शालननं बाजेवरून विचारलं.

"हाय काम. तुला काय करायचंय?"

आणि शालननं असा गळा काढला की शेजारच्या बायका दारात गोळा झाल्या. "मला उठवत न्हाय, आप्पा! आत्याबाई गावाला गेल्यात. पोरगं रडून रडून मरंल हितं. हिला न्यायचं तर मलाबी न्या!"

सर्जेरावांनी दारातल्या बायकांकडं पाहिलं. त्यांनी टोपी काढली, परत घातली. "बरं बरं, राहू दे," असं पुटपुटत ते स्टँडच्या वाटेला लागले.

विजयमाला चपला न काढताच स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून रडली. रडू ओसरल्यावर तोंड धुवायला मागच्या दारी आली, तर समोरून शालन येत होती. कडेवर भरलेली घागर. पाठ ताठ. पाण्याचा एक थेंब सांडत नव्हता.

"तुझी कंबर?"

"बरी हाय."

"कधीपासनं?"

शालननं घागर खाली ठेवली. "धरलीच नव्हती."

विजयमालेचा ताबा सुटला. "खोटारडी हायस तू! फुकटची मोलकरीण पायजे हुती तुला! माझी सगळी सुट्टी खाल्लीस, माझं वाटुळं केलंस!" तिनं पिशवी उचलली. "आप्पा अजून स्टँडवरच असत्याल. मी चालले."

शालन धावली. तिनं पुढच्या दाराला कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"परवा लग्नाची ज्येष्ठातली शेवटची तिथी हाय," ती म्हणाली. "आप्पांनी तुला पोरगा बघितलाय. उद्या सकाळी पसंती, संध्याकाळी हळद, परवा लगीन. चैत्रातच हितं येऊन तुझ्या दाजींना सांगून गेले हुते. मी आतनं ऐकलं."

विजयमालेच्या हातातली पिशवी तशीच लोंबत राहिली.

"मग मला का बोलली न्हाईस?"

"तू तवाच गावाकडं पळाली असतीस, आप्पांशी भांडायला. मग सुटली नसतीस."

"आन् क्लास?"

"क्लासला जाती म्हणल्यावर आत्याबाईंनी त्याच दिवशी तुला माघारी धाडली असती." शालनचा आवाज खाली आला. "परवाचा दिस जाऊ दे. मग दिवाळीपातूर तिथी न्हाय. सोमवारी तुझं कॉलेज उघडतंय, बारावीच्या वर्गात जाऊन बस. फुडचं फुडं बघू."

आत बाळ जागं होऊन रडायला लागलं.

"दोन महिने गेले माझे, ताई," विजयमाला म्हणाली. राग अजून पुरता उतरला नव्हता.

"व्हय, गेले." शालननं दाराची कडी काढली, आणि बाळाकडं जाता जाता म्हणाली, "माझ्या अकरावीच्या सुट्टीत मला कुणीच बोलावून घेतलं न्हाय."