अर्थ नसलेली भाषा

पुंडलिकराव गेले त्याला वर्ष झालं, त्याच आठवड्यात त्यांचं जुनं नाटक रेडिओवर पुन्हा लागलं. पृथ्वीवर उतरलेल्या परग्रहवासीयाला त्यांनी आवाज दिला होता. गीताबाईंनी ते कधी ऐकलंच नव्हतं. पडेगावच्या घरात, दुपारी, त्या आपल्या मुलीसोबत, सुलेखासोबत, रेडिओजवळ बसल्या.

"तुला काय हवंय?" नाटकातला शास्त्रज्ञ विचारत होता.

"तुंगू... अप्पी... तुंगू," परग्रहवासी म्हणाला.

सुलेखाला हसू आलं. "बाबांनी ही भाषा कुठून आणली गं?"

"तोंडाला येईल ते बोला, अर्थ नसला तरी चालंल, असं त्यांना सांगितलं व्हतं," गीताबाई म्हणाल्या आणि एकदम रेडिओकडे झुकल्या.

"आई, काय झालं?"

"सुलू, तुझ्या आधीची एक पोर व्हती. दीड वर्षाची असताना तापात गेली. हे तिचे बोल हायेत. ती गेल्यावर ह्यांनी तिचं नाव कधी काढलं नाय."

रेडिओवर शास्त्रज्ञ हताश होऊन म्हणाला, "ही भाषा पृथ्वीवर कुणालाच कळत नाही."

"तुंगू," पुंडलिकरावांचा आवाज पुन्हा आला. या वेळी कळवळून.

गीताबाई हळूच म्हणाल्या, "पाणी मागतीय ती."