अमीनसाहेबांची सैर

“साखरा गाव कुठं पळून चाललंय व्हय, साहेब? आधी औंढ्याचं देऊळ पाहून घ्या. असं देऊळ हैदराबादलाबी सापडायचं न्हाई.”

टांगेवाला रूपसिंग आपल्या टांग्याला टेकून बोलत होता. आवाज त्याने मुद्दाम हलका ठेवला होता.

निजामाच्या पोलिसांतले हे अमीनसाहेब, म्हणजे ठाण्याचे फौजदार, नुकतेच बदलून हिंगोलीला आले होते. साखऱ्याच्या रामकिशनला धरून आणायचा हुकूम त्यांच्याकडे होता. रामकिशनने गावच्या चावडीवर तिरंगा लावला होता. अठ्ठेचाळीस सालच्या त्या उन्हाळ्यात असा माणूस धरला गेला, की तो जिवंत परत येईल याची खात्री कुणी देत नसे.

त्याच सकाळी रामकिशन बायकोला घेऊन गाव सोडून निघाला होता. पैनगंगा उतरली की पलीकडे वऱ्हाड. तिथे निजामाचा हुकूम चालत नव्हता. रानातून वाट दाखवायला रूपसिंगचा सख्खा भाऊ उत्तमसिंग त्यांच्यासोबत गेला होता. जाताना तो एवढंच म्हणाला होता, “दिस मावळेस्तोर साहेबाला तिकडं येऊ देऊ नको. कायबी कर.”

औंढा साखऱ्याच्या अगदी उलट्या वाटेला होतं.

“इतकं चांगलं आहे देऊळ?” अमीनसाहेबांनी विचारलं. परभणीकडे बरीच वर्षं काढल्यामुळे त्यांना मराठी छान येत होती.

“पाहून तर घ्या.”

“चलो.” मग ते शिपायांकडे वळले. “तुम लोग यहीं ठहरो. मी आलो की साखऱ्याला जाऊ.”

इतक्या सहज जमेल असं रूपसिंगला वाटलं नव्हतं. साहेबांचा विचार बदलायच्या आत त्याने घोड्याला हाक दिली.

औंढ्याला साहेबांनी दाराशीच बूट काढले. ऊन मी म्हणत होतं, फरशी तापली होती, तरी ते देवळाभोवती सावकाश फिरले. भिंतीवरचे हत्ती, देव, नाचणाऱ्या बाया. प्रत्येकापाशी थांबत होते.

“आणि हा नंदी मागच्या बाजूला कसा?”

ही गोष्ट रूपसिंगला पाठ होती. “संतांना मोरं कीर्तन करू दिलं न्हाई, साहेब. ते मागं येऊन बसले. तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं. नंदी राहिला जागच्या जागी.”

“सगळं देऊळ फिरलं?”

“व्हय.”

“मोठा आवाज झाला असेल, नाही?”

आवाजाचा विचार रूपसिंगने कधी केला नव्हता. “झाला असंल,” तो म्हणाला.

“आत काय आहे?”

“पिंड खाली भुयारात हाय. वाकून उतरावं लागतं.”

“मी बाहेरच थांबतो. तू जाऊन ये आणि काय पाहिलंस ते सांग. घाई करू नको.”

रूपसिंग खाली उतरला. गारव्यात हात जोडून त्याने नागनाथाकडे एकच मागितलं. वर आला तेव्हा साहेब सावलीत बसून एका म्हाताऱ्या फुलवालीला तिच्या गावाचं नाव विचारत होते.

परतीच्या वाटेवर रूपसिंगने एक जुनी बारव दाखवली. मग एक मोठा वड दाखवला. सूर्य अजून वरच होता आणि दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. रस्त्याकडेला एक काळा धोंडा दिसला, तसा त्याने लगाम खेचला.

“ही भीमाची उशी.”

हे नाव त्याला तेव्हाच सुचलं होतं. साहेब मात्र खाली उतरले. धोंड्यावरून हात फिरवला, त्याला वळसा घातला आणि शेवटी त्यावरच बसले. “फार कडक उशी. झोप लागत असेल त्याला?”

रूपसिंगला हसू आवरेना. तेवढ्यात हिंगोलीकडून एक सवार भरधाव आला. घोडा घामाने निथळत होता. सवाराने सलाम ठोकला.

“साहेब, साखऱ्याहून खबर आली. रामकिशनच्या घराला कुलूप आहे. हुकूम द्या, आम्ही आताच निघतो.”

रूपसिंगचं हसू कुठल्या कुठे गेलं.

अमीनसाहेब ताडकन उठले. “अमीन मी आहे की तुम्ही? माझ्याशिवाय एकही शिपाई ठाण्यातून हलायचा नाही! जा, सांग सगळ्यांना!”

सवार आला तसा माघारी गेला. रूपसिंगने हळूच श्वास सोडला. रामकिशनला धरल्याची शाबासकी साहेबाला एकट्यालाच पाहिजे, त्याला वाटलं. असू दे. साहेबाचा तोरा आज आपल्या कामी आला.

“नर्सीच्या देवळाचंपण ऐकून आहे मी,” साहेब टांग्यात बसता बसता म्हणाले. “जायचं का?”

नर्सी साखऱ्याकडच्या वाटेवर होतं. “लई दूर हाय साहेब,” रूपसिंग घाईने म्हणाला. “घोडं थकून राहिलं.”

“बरं. मग जवळचंच काही दाखव.”

रूपसिंगने एक टेकडी दाखवली. तिच्यावरून दिसणारी दुसरी टेकडी दाखवली. साहेब सगळीकडे चढले, सगळं विचारत राहिले. त्यांचे बूट धुळीने पांढरे झाले होते. रूपसिंगला आता स्वतःचीच लाज वाटू लागली. हा माणूस लहान लेकरासारखा आपल्या शब्दावर भरवसा ठेवून राहिला. उद्या वरचे लोक याला धारेवर धरतील.

“साहेब, तुमाला उशीर झाला. कुणी तकलीफ तर देणार न्हाई?”

“देतील,” साहेब म्हणाले आणि दूरवर पाहत राहिले.

सूर्य डोंगराला टेकला. उत्तमसिंगने सांगितलेली वेळ झाली होती. रूपसिंगने टांगा हिंगोलीकडे वळवला.

“आता पाहाण्याजोगं काय राहिलं न्हाई, साहेब. चला घरी.”

अमीनसाहेबांनी मागून हात पुढे करून लगाम धरला.

“अजून एखादं ठिकाण दाखव, रूपसिंग,” ते हळू आवाजात म्हणाले. “रामकिशनची बायको पोटुशी आहे. तिला नदी उतरायला वेळ लागेल.”