जेवताना बोलायचं नाही

नऊ वर्षांची मुलगी आणि तिचं उतरत चाललेलं वजन घेऊन आईवडील तिसऱ्यांदा आले. "तुमचा धाक नडतोय तिला." "आणि तुझे लाड?" हे आत शिरतानाही चालूच होतं. आहारतज्ज्ञ बाईंनी आपला तक्ता मिटला आणि शेजारच्या खोलीतल्या मानसतज्ज्ञ बाईंना हाक मारली.

मानसतज्ज्ञ बाईंनी एकच पथ्य सांगितलं. "जेवताना पोरीच्या खाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. 'एवढा एक घास'सुद्धा नाही."

"मग बोलायचं काय?" वडिलांनी विचारलं.

"एरवी बोलता तेच की!"

दोघांनी समजल्यासारखी मान डोलावली.

पथ्य त्यांनी अगदी कसोशीनं पाळलं. पंधरा दिवस पोरीनं ताटली चाटूनपुसून स्वच्छ केली, वजन पाऊण किलोनं वाढलं आणि आईनं फोनवर बाईंना तोंडभरून दुवा दिला. तिसऱ्या आठवड्यात मात्र पोरीनं ताटली पुन्हा पुढे सरकवली, ती काही केल्या मागे घेईना. वजनाचा काटा होता तिथे परत आला.

पुढच्या भेटीत मानसतज्ज्ञ बाईंनी आईवडिलांना बाहेर बसवलं आणि मुलीला जवळ घेतलं. "काय गं, इतकी छान जेवत होतीस. मग बिनसलं कुठे?"

दार नीट लागलंय ना, ते मुलीनं आधी पाहून घेतलं.



"मी जेवत नव्हते, तेव्हा ते दोघं निदान एकमेकांशी बोलायचे तरी."