पौषातला गिलावा

"साहब, इस ठंड में मसाला पकड़ेगा नहीं. होली के बाद करवाइए," गवंडी शकील मियाँ पुन्हा म्हणाला.

दीनानाथ करंबेळकरांनी मफलर सैल केला आणि चपलेला चिकटलेलं काहीतरी बघावं तसं त्याच्याकडे पाहिलं.

"ठंड? इसको ठंड बोलता है? अरे, हम सांगली में पौष महिने में, सुबह-सुबह, कृष्णा के पूर में उडी मारता था!"

पौषात कृष्णेला पूर कुठून आला, हे विचारायची मधुमतीबाईंची पद्धत नव्हती. त्या वऱ्हांड्यात लोकर विणत होत्या. "हं," एवढंच म्हणाल्या.

"जी, बेशक," शकील मियाँ म्हणाला आणि अदबीनं बाजूला जाऊन पान थुंकला.

"बघितलंस? काम कवडीचं आणि तहजीब नवाबाची!" दीनानाथ बायकोला मराठीत म्हणाले.

लखनौत, अमौसी विमानतळाच्या पुढचं हे घर हृषीकेशनं, त्यांच्या मुलानं, मुद्दाम पोहण्याच्या तलावासकट घेतलं होतं. बाबांना पोहण्याचं वेड, हे तो लहानपणापासून ऐकत आलेला. कृष्णेचा तो पूर घरात सगळ्यांना पाठ होता. दर सांगण्यात पात्र थोडं रुंदावे. मराठी मंडळाच्या गणपतीत तर मागच्या साली एक मगरही आली होती.

तलावाचा जुना गिलावा सुटला होता. उन्हाळ्यात नातवाचे, यशचे, तळपाय सोलवटले. हृषीकेश नोएडाहून म्हणाला, "बाबा, मेच्या आत नवीन करून घ्या." यश शाळेच्या पोहण्याच्या संघात होता. आजोबांशी शर्यत लावायची म्हणून तो दर सुट्टीत हटून बसे. एकदा आजोबांचा कान दुखला, एकदा पाठ धरली.

"आजोबा, इस बार पक्का," यश फोनवर म्हणाला. "मैं पूरा वीडियो बनाऊँगा. सबको भेजूँगा."

"बनव की! तुझ्या त्या कोचलाही दाखव. दंडाला फुगे बांधून शिकलेली पोरं तुम्ही! आमच्याकडे पाठीला सुका भोपळा बांधून पाण्यात उतरणाऱ्यालासुद्धा आम्ही हसायचो."

"आप हार गए तो?"

"हरलो तर जन्मात पुन्हा कृष्णेचं नाव काढणार नाही!"

मधुमतीबाईंच्या सुया क्षणभर थांबल्या.

दीनानाथांनी होळीची वाट पाहिली नाही. नव्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीला लागलं न लागलं तोच छिन्न्या वाजू लागल्या. धुक्यात माणसं दिसत नव्हती, नुसता खोकला ऐकू येत होता. दीनानाथ काठापासून लांब, भिंतीला खुर्ची टेकून बसत आणि तिथून सगळ्यांची अक्कल काढत. खोल बाजूचं काम बघायला शकील मियाँनं बोलावलं, तर म्हणाले, "मला इथून दिसतं. डोळे आहेत मला, तुमच्यासारखी बटणं नाहीत."

गिलावा झाला. शकील मियाँनं वरून ताडपत्री ओढली, आत मोठे दिवे लावले. "गरम रहेगा तो जम जाएगा, हुज़ूर."

दीनानाथ पहाटे कानटोपी घालून उठत आणि ताडपत्री स्वतः ओढून काढत.

"अहो, गारठतंय सगळं," मधुमतीबाई म्हणाल्या.

"गारठू दे. गिलावा आहे की बाळंतीण? शेकशेगडी कसली करता?" मग त्यांची नजर वेलाच्या मांडवावर गेली. दिवाळीपासून तिथं एक गोल, गलेलठ्ठ दुधी लटकत होता, आता वाळून खडखडीत झालेला. "आणि ह्याची भाजी करायची सोडून हे काय चालवलंयस? तंबोरा करून गाणारेस की काय ह्या वयात?"

"असू दे. वाळला की उपयोगी पडतो."

"लखनौला राहून तुझंही डोकं गेलं."

शकील मियाँ म्हणाला होता, सांगितल्याशिवाय पाणी सोडू नका. तो जुन्या शहरात, चौक भागात, भाचीच्या लग्नाला गेला आणि दीनानाथांनी तोटी सोडली. तो परत आला तेव्हा गिलाव्याचे पापुद्रे दुधावरच्या सायीसारखे पाण्यावर तरंगत होते.

"हुज़ूर, मैंने अर्ज़ किया था," तो हळूच म्हणाला. "अब तो अंदर तक नमी चली गई. पूरी गर्मी सुखाना पड़ेगा."

"अर्ज़ करने के बदले काम करता तो? निकलो!"

मग दीनानाथांनी फोन लावला आणि आवाज जड केला. "यश, बाळा, ह्या लोकांनी घात केला रे. ह्या वर्षी शर्यत नाही. माझी केवढी तयारी होती! पण मूर्खांच्या गावात राहतो, काय करणार?"

"कोई बात नहीं, आजोबा," यश हिरमुसून म्हणाला.

फोन ठेवून दीनानाथांनी पाय लांब केले. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच त्यांनी चहाला नावं न ठेवता घोट घेतला.

मधुमतीबाई मांडवाकडून आल्या. सुका दुधी त्यांनी नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. त्याला सुती दोरी बांधलेली होती, दोन्ही खांद्यांवरून घेऊन पोटावर गाठ मारता येईल अशी.

"हे काय?"

"यशला मी कळवते, मेमध्ये ये म्हणून. शर्यत आलमबागला लावू, तिथला तलाव थंडीतही चालू असतो, पाणी गरम करतात. सोमवारपासून तुमचं नाव घातलंय तिथं. म्हणजे पुढच्या वर्षी ताडपत्री ओढायला थंडीत उठायला नको."

दीनानाथांनी दुधी घाईघाईनं मफलरखाली झाकला.

"पोरांच्याच क्लासात बसवतायत," त्या सुया उचलत म्हणाल्या. "पण त्यांचे फुगे तुमच्या दंडात शिरायचे नाहीत म्हणाले. मी म्हटलं, हे स्वतःचं घेऊन येतील."